विश्लेषण : बंदर बदलले, कामगारांची तयारी कोण करणार? न्हावा शेवा काय सांगते?

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेव्हापासून तिथली यंत्रे, कागदपत्रे, कायदा आणि टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्या अनेकदा बदलल्या. बदलाचा निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत होतो, पण तो प्रत्यक्षात आणतात धक्क्यावरचे, यार्डातले आणि गेटवरचे कर्मचारी. या कर्मचाऱ्यांना बदलासाठी तयार करणे म्हणजे नेमके काय आणि ती तयारी कोणी, केव्हा करायची, याचा हा आढावा.

न्हावा शेवात आतापर्यंत काय बदलले?

देशातील प्रमुख बंदरांमध्ये खासगी कंटेनर टर्मिनलची सुरुवात इथूनच झाली. त्यासाठी १९९७ मध्ये पी अँड ओ ऑस्ट्रेलिया या कंपनीच्या गटाशी करार झाला. २००६ मध्ये जीटीआय, २०१५ मध्ये एनएसआयजीटी आणि २०१८ मध्ये बीएमसीटी ही टर्मिनल्स आली. प्रमुख बंदर प्राधिकरण कायदा २०२१ मध्ये आला आणि ‘ट्रस्ट’चे ‘प्राधिकरण’ झाले. त्यापुढच्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, बंदर स्वतः चालवत असलेले कंटेनर टर्मिनल जे. एम. बक्षी आणि सीएमए टर्मिनल्स यांच्या गटाकडे ३० वर्षांसाठी देण्याचा करार झाला. कामगार संघटनांचा या खासगीकरणाला विरोध होता. आता प्राधिकरणाची भूमिका जागामालकाची आहे, तर टर्मिनल चालवण्याचे काम कंपन्या करतात. बीएमसीटीच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. २०२४-२५ या वर्षात बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे २० फुटी कंटेनरच्या मापाने ७३ लाख पेट्यांइतकी वाहतूक हाताळली.

कागदावरचा बदल कामापर्यंत कसा पोहोचतो?

याची दोन उदाहरणे २०१६ मधली आहेत. त्या वर्षी जुलैपासून कंटेनरला आरएफआयडी टॅग लावून त्याचा माग ठेवणारी यंत्रणा या बंदरातून सुरू झाली. कंटेनरचा क्रमांक डोळ्यांनी वाचून वहीत उतरवणे हे टॅली क्लार्कचे काम. टॅग आणि कॅमेरे ते करू लागले की त्याच माणसाला पडद्यावर आलेली चूक शोधून ती दुरुस्त करावी लागते. त्याची जागा आणि पाळी तीच राहते, पण लागणारे कौशल्य पूर्ण वेगळे असते.

दुसरे उदाहरण ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’चे. पूर्वी आयातीचा कंटेनर बंदरातून आधी कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये, म्हणजे सीएफएसमध्ये जाई आणि तिथे सोपस्कार पूर्ण झाले की आयातदाराकडे पोहोचे. नव्या पद्धतीत पात्र आयातदाराला तो थेट बंदरातूनच उचलता येतो. यात आयातदाराचे दिवस आणि पैसे वाचतात. मात्र सीएफएसमधले काम कमी होऊन स्थानिकांच्या रोजगारावर गदा येईल, या भीतीने उरण परिसरात विरोध झाला. व्यापाराची सोय करणारा हाच बदल सीएफएसमधल्या कामगाराला नोकरीवरचे संकट वाटू शकतो. प्रशिक्षणाचा आराखडा करताना ही दुसरी बाजू बहुतेक वेळा सुटते.

यंत्रणा अचानक बंद पडली तर?

याचा अनुभव २७ जून २०१७ रोजी आला. ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्यात डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची संगणक यंत्रणा कोलमडली. त्याच समूहाशी संबंधित असलेल्या न्हावा शेवातील जीटीआय टर्मिनललाही फटका बसला आणि काही काळ संगणकाविना काम रेटावे लागले. कोणता कंटेनर कोणत्या रांगेत, कितव्या थरावर ठेवला आहे, हे टर्मिनलच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ते सॉफ्टवेअर बंद पडले की कागदावर काम करण्याची सवय असलेली माणसे लागतात. म्हणून नवी पद्धत शिकवताना जुनीचा सरावही अधूनमधून करून घ्यावा लागतो.

बदलाचे प्रशिक्षण म्हणजे नेमके काय?

नवे यंत्र चालवायला शिकवणे हा त्याचा एक भाग झाला. बदल का होतो आहे, त्यात कोणाचे काय जाणार आहे, अडचण कोणाला सांगायची आणि सहकाऱ्यांना बरोबर कसे घ्यायचे, हे शिकवणे हा दुसरा. व्यवस्थापनशास्त्रात कर्ट लेविन यांची तीन पायऱ्यांची मांडणी (१९४७) आणि जॉन कॉटर यांची आठ पायऱ्यांची मांडणी (१९९६) प्रसिद्ध आहे. लेविन यांचे सूत्र सोपे आहे : आधी जुनी सवय सैल करा, मग बदला आणि शेवटी नवी सवय पक्की करा. बहुतेक ठिकाणी पहिली आणि तिसरी पायरी गाळून थेट मधल्या पायरीला हात घातला जातो.

यासंबंधीचा सर्वाधिक उद्धृत होणारा प्रयोग अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या हारवूड या पायजम्यांच्या कारखान्यात झाला. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी तो १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलताना एका गटाला फक्त निर्णय सांगण्यात आला, दुसऱ्याने आपले प्रतिनिधी दिले आणि आणखी काही गटांतील सर्वच कामगारांना नव्या पद्धतीच्या आखणीत सामील करून घेतले. फक्त निर्णय ऐकलेल्या गटातील १७ टक्के कामगार पहिल्या ४० दिवसांतच नोकरी सोडून गेले आणि उरलेल्यांचे उत्पादनही फारसे सावरले नाही. सर्वांना सामील केलेल्या गटांचे उत्पादन मात्र आधीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढले.

प्रशिक्षण कोणाला द्यायचे?

बदल हाताळण्याचे वर्ग बहुधा वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी भरतात. बंदरात मात्र रात्रपाळीला क्रेनचालकाचा पहिला प्रश्न पाळीच्या सुपरवायझरकडे येतो. त्याच्याकडे उत्तर नसेल तर अफवा उत्तर देते. त्यामुळे पहिला वर्ग सुपरवायझर, फोरमन आणि संघटनेच्या प्रतिनिधींचा असायला हवा. बंदर २४ तास चालते आणि धक्क्याला लागलेले जहाज वर्गासाठी थांबत नाही. त्यामुळे शिकवणीही पाळीनुसार, छोट्या तुकड्यांत आणि कामाच्या वेळेतच घ्यावी लागते. कंत्राटी कामगार आणि ट्रेलरचालक कंपनीच्या हजेरीपटावर नसले तरी गेटवरची नवी पद्धत त्यांच्याशिवाय चालत नाही, म्हणून त्यांनाही यात धरावे लागते.

कायदा काय सांगतो?

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९अ नुसार सेवाशर्तींत ठरावीक बदल करण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. कामगार कपात होण्याची शक्यता असलेल्या यंत्र-तंत्रातील सुधारणाही त्यात येत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची तरतूद कायम आहे. पण फलकावर लावलेली नोटीस म्हणजे तयारी नव्हे. त्या २१ दिवसांत प्रश्नोत्तरे, सराव आणि फेरनियुक्तीची चर्चा झाली, तरच नोटिशीला अर्थ राहतो.

उरणमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक का?

इथे बदल पहिल्यांदा आला तो जमिनीच्या रूपाने. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला. त्यात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची मागणी याच लढ्याशी जोडलेली आहे. शेत आणि खाडी गेली, त्या बदल्यात बंदरातली नोकरी मिळेल, असे अनेक घरांनी धरले होते. त्यामुळे प्रकल्पग्रस्तांच्या घरातील तरुण ‘ऑटोमेशन’ हा शब्द ऐकतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आधी भरती बंद झाल्याचे चित्र येते.

पुढे काय?

पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. तिथेही मच्छीमार आणि शेतकऱ्यांचा विरोध आहे. न्हावा शेवाचा अनुभव तिथे नेण्याची जबाबदारी त्यामुळे याच प्राधिकरणावर येते. किती जणांना प्रमाणपत्रे वाटली, एवढ्यावर प्रशिक्षणाचे यश मोजता येणार नाही. सहा महिन्यांनंतर त्यांतले किती जण नव्या कामावर टिकले आणि किती जणांना पुढची पायरी चढता आली, हे पाहावे लागेल.