माळ्यावरची पेटी

घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली हार्मोनियम, म्हणजे मराठी माणसाची पेटी, दुरुस्तीला देण्याआधी नीट ओळखावी लागते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांच्या आत अगदी निराळे सूर, म्हणजे आवाज देणारे पितळी तुकडे, असू शकतात. पेटीचे मोल लाकडात नसते, ते त्या सुरांत असते.

हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांद्र दबँ यांनी 1842 साली पॅरिसमध्ये घेतले. ते वाद्य पायांनी हवा भरून वाजवायचे होते. पुढे 1875च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता वाद्याच्या पाठीमागे आणला. त्यामुळे मांडी घालून बसून एका हाताने भाता मारता येऊ लागला, दुसऱ्या हाताने वाजवता येऊ लागले, आणि पेटी बैठकीत आली. संगीत नाटकांच्या रंगभूमीवर मात्र पायपेटी आणि ऑर्गन यांचे राज्य बराच काळ टिकले. वारशाने आलेले वाद्य पायांचे असेल तर ते पायपेटी आहे की ऑर्गन, हे पाहावे. पायपेटीचा भाता सुरांतून हवा बाहेर ढकलतो, अमेरिकी पद्धतीच्या ऑर्गनचा भाता ती आत ओढतो. पट्टी दाबून हवेच्या वाटेपाशी पातळ कागद धरला आणि भाता मारला की फरक लगेच कळतो. या दोन्हींच्या दुरुस्तीची रीत वेगळी आहे.

हातपेटीच्या बाबतीत आधी पट्ट्या मोजाव्यात. 37 पट्ट्या म्हणजे तीन सप्तके, 42 म्हणजे साडेतीनच्या आसपास. मग सुरांच्या किती ओळी आहेत ते पाहावे. कारागीर त्यांना खर्ज, नर आणि मादी म्हणतात. पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येत असेल, तर ती स्केल-चेंजर पेटी, म्हणजे पुढच्या काळातली रचना. दर्शनी भागावरची निर्मात्याची पाटी उपयोगी असते, पण पाटी बदललेलीही असू शकते. खरा पुरावा आत मिळतो. पट्ट्यांच्या खाली पेन्सिलीने घातलेले क्रमांक, भात्याच्या आतल्या पुठ्ठ्याला लावलेले जुने वर्तमानपत्र, पूर्वीच्या कारागिराने लिहिलेली तारीख, सुरांच्या पितळेवर उमटवलेला ठसा, हे सगळे काहीही पुसण्याआधी छायाचित्रांत टिपून ठेवावे. जुन्या पेट्यांत पॅरिसचे आणि जर्मनीचे सूर सापडतात. परदेशी माल येणे थांबल्यावर सौराष्ट्रातल्या पालिताण्याच्या सुरांनी ती जागा भरून काढली. पट्ट्यांवर हस्तिदंत असल्याचा संशय आला, तर त्याच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता खुद्द सूर. पितळेच्या चपट्या तुकड्यात एक फट असते आणि त्या फटीवर पितळेचीच पातळ जीभ एका टोकाला रिपिटाने पक्की केलेली असते. हवा आली की जीभ फटीत आत-बाहेर थरथरते. जीभ आणि फटीच्या कडा यांत केसाएवढे अंतर असते, म्हणून धुळीचा एक कण अडकला तरी सूर मुका होतो किंवा खरखरतो. म्हणजे माळ्यावरच्या पेटीतले निम्मे ‘मेलेले’ सूर खरे तर मेलेले नसतात. मऊ कोरड्या कुंचल्याने ते साफ करावेत, जीभ हलकेच उचलून खालून पातळ कागद फिरवावा. पितळ चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण पॉलिशने घासले की धातू झिजतो आणि स्वर हलतो.

स्वर लावण्याची रीतही धातू खरवडण्याचीच आहे. जिभेचे मोकळे टोक खरवडले की ते हलके होऊन स्वर चढतो, रिपिटाजवळ खरवडले की जीभ लवचीक होऊन स्वर उतरतो. खरवडलेले परत येत नाही. म्हणून पेटी उघडल्या उघडल्या सगळे सूर आजच्या मापाला आणण्याची घाई करणारा कारागीर टाळलेला बरा. आधी प्रत्येक स्वराचे मोजमाप लिहून घ्यावे. जुनी युरोपी वाद्ये आजच्या 440 हर्ट्झच्या मापावर असतीलच असे नाही. 1859 साली फ्रान्सने ठरवलेले माप 435 होते. शिवाय पूर्वजांपैकी कुणी गात किंवा साथ करत असेल, तर त्याने एखाद्या षड्जाला धरून गंधार मुद्दाम उतरवून घेतलेला असू शकतो. समान अंतराच्या बारा स्वरांतला गंधार षड्जापासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, तंबोऱ्यात ऐकू येणारा 386 वर. तो 14 सेंटांचा फरक दोष समजून काढून टाकला, तर त्या माणसाचा कानच पुसला जातो. एखादा सूर लावूनही चार दिवसांत पुन्हा उतरत असेल, तर जिभेला तडा गेलेला असतो. तेवढाच सूर बदलावा, शक्यतो त्याच बनावटीचा.

भात्याची परीक्षा सोपी आहे. सगळे स्टॉप, म्हणजे हवा सोडणाऱ्या खुंट्या, बंद करून भाता पूर्ण भरावा. काहीच न वाजवता तो लगेच बसला तर हवा गळते आहे. बहुतेकदा घड्यांवरचे कापड विरलेले असते, चामडे कडक झालेले असते किंवा उंदराने कुरतडलेले असते. हे बदलावेच लागते आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. मात्र जोड सरसानेच द्यावेत. गरम पाण्याने सरस सुटतो, म्हणून पुढच्या कारागिराला भाता न फाडता उघडता येतो. पांढऱ्या कृत्रिम गोंदाने ती सोय जाते. पट्टी न दाबताच सूर वाजत राहिला, तर पट्टीखालच्या झडपेचे चामडे किंवा स्प्रिंग तपासावी. पावसाळ्यात लाकूड फुगूनही तसे होते, आणि मग पट्टी तासण्यापेक्षा हिवाळ्याची वाट पाहणे शहाणपणाचे ठरते.

लाकडाला पॉलिश पेपर लावण्याआधी जुन्या लाखेच्या थराखाली निर्मात्याची अक्षरे नाहीत ना, ते पाहावे. बहुतेक वेळा ओलसर कापडाने धूळ टिपून पातळ लाख-पॉलिशचा एक हात पुरतो. दुरुस्त झालेली पेटी पुन्हा माळ्यावर ठेवू नये. जमिनीपासून थोडी उंच, भिंतीची ओल लागणार नाही अशा जागी ठेवावी, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक पट्टी दाबून सगळ्या सुरांतून हवा जाऊ द्यावी.