समावेशित शिक्षणात चित्रवेळापत्रकाचे स्थान

पनागर हा मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याच्या सात विकासखंडांपैकी एक आहे. समग्र शिक्षा अभियानाच्या रचनेत विशेष शिक्षकाची नेमणूक बहुधा विकासखंड पातळीवर होते व त्याने अनेक शाळांना आळीपाळीने भेटी द्याव्यात, अशी अपेक्षा असते. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेले बालक मात्र रोज शाळेत येते. साहजिकच वर्षातील बहुतेक दिवस ते सामान्य वर्गशिक्षकाच्याच हाती असते. विशेष शिक्षक पुढील गावी गेल्यावर वर्गात मागे काय उरते, यावर समावेशित शिक्षणाचे यश मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. मागे उरू शकणाऱ्या साधनांपैकी चित्रवेळापत्रक हे सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित साधन होय.

चित्रवेळापत्रक म्हणजे दिवसातील कामांचा क्रम दाखविणारी चित्रांची पट्टी. प्रार्थना, हजेरी, भाषा, मध्यान्ह भोजन, गणित, खेळ आणि घर अशी कार्डे वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे लावली जातात. एक काम संपले की बालक स्वतः ते कार्ड काढून ‘झाले’ असे लिहिलेल्या पाकिटात टाकते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने 1972 मध्ये सुरू झालेल्या ‘टीच’ कार्यक्रमाने अशा साधनांना पद्धतशीर रूप दिले.

त्यामागील तत्त्व सोपे आहे. बोललेला शब्द क्षणात विरतो. चित्र जागेवर राहते आणि पुन्हा पाहता येते. स्वमग्न बालकाला पुढे काय घडणार याचा अंदाज नसला, तर एका कामातून दुसऱ्या कामात जाणे त्रासाचे होते. त्याचे रडणे किंवा वर्गाबाहेर पळणे हा हट्ट समजला जातो आणि कालांतराने पालकांना ‘याला घरीच ठेवा’ असे सुचविले जाते. पटावर नाव असूनही बालक शिक्षणाबाहेर पडते ते असे.

साधन बनविताना

प्रत्येक बालकाला रेखाचित्र समजतेच असे नाही. कोणाला छायाचित्र लागते, तर कोणाला प्रत्यक्ष वस्तू. भोजनासाठी थाळी, खेळासाठी चेंडू हातात दिला तरी संकेत पोहोचतो. काहींना आरंभी ‘आधी हे, नंतर ते’ अशी दोनच कार्डे पुरतात. घरी बुंदेली आणि पुस्तकात हिंदी असलेल्या या भागात चित्राचा आणखी एक लाभ असा, की घर व शाळा यांना एकच खूण वापरता येते.

सर्वाधिक काळजी ‘बदल’ या कार्डाची घ्यावी लागते. शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेले, पावसामुळे खेळ रद्द झाला, किंवा हिवाळ्यात मटारच्या तोडणीमुळे न्यायला आईऐवजी आजी येणार असली, तर ते आधी पट्टीवर दिसले पाहिजे. विशेष शिक्षकाच्या भेटीचा दिवसही त्याला अपवाद नाही. बालक शांत झाले म्हणून पट्टी काढून टाकणे ही नेहमी घडणारी चूक आहे. चष्म्याने नीट दिसू लागले म्हणून कोणी चष्मा काढून ठेवीत नाही.

कायदा आणि खर्च

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये प्रकारांची संख्या 21 झाली व स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. या कायद्याचे कलम 16 शिक्षणसंस्थांवर व्यक्तिगत गरजेनुसार आवश्यक साहाय्य देण्याची जबाबदारी टाकते. शिक्षण हक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांना वंचित गटात समाविष्ट केले. समग्र शिक्षा अभियानात अशा बालकामागे वार्षिक 3,500 रुपयांची तरतूद आहे.

पुठ्ठा, चित्रे आणि चिकटपट्टी यांचा खर्च या रकमेचा अल्पसा अंश ठरतो. खरा खर्च आहे तो प्रौढ व्यक्तीच्या वेळेचा: बालकाचे निरीक्षण करणे, योग्य चिन्ह निवडणे, वर्गशिक्षकाला वापर शिकविणे आणि दर काही आठवड्यांनी क्रम सुधारणे. व्हीलचेअर किंवा श्रवणयंत्र वाटले की त्याची नोंद होते. या वेळेची नोंद सहसा होत नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात जागाही मिळत नाही. रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी प्राथमिक स्तरावर 10 आणि त्यापुढील स्तरांवर 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ग्राह्य धरले, ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मात्र दूरदूर विखुरलेल्या लहान शाळांत असे दहा विद्यार्थी एका छताखाली क्वचितच असतात. म्हणून प्रमाण पाळले गेले तरी विशेष शिक्षकाचा प्रवास टळत नाही आणि वर्गशिक्षकाच्या प्रशिक्षणात या पट्टीचा समावेश करणेही टाळता येत नाही.