पातेल्यावरची परात

पहाटे ५.२०

काल रात्री टँकर विहिरीत ओतला, पाणी अजून गढूळ आहे. मावशी पोहरा सोडतात, दोराला दोन झटके देऊन तो बुडवतात आणि हात बदलत वर ओढतात. तीन पोहरे शेंदले की हंडा भरतो. हंड्यात पंधरा लिटर, म्हणजे पंधरा किलो. हंड्याचं वजन वेगळं. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ. विहिरीपासून शाळा दीडशे पावलांवर आहे आणि वाट चढाची आहे.

गाव पैठण रस्त्यावरचं, बिडकीनच्या जवळचं. मार्च संपत आलाय, शाळा सकाळची झालीय. जिल्हा परिषदेच्या या शाळेत मावशी ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ आहेत. जोडीला आणखी एक मदतनीस आहे, पण ती लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. त्यामुळे सगळ्या खेपा एकटीच्याच.

आज सहा खेपा. हिशोब तोंडपाठ आहे. खिचडीला दीड हंडा, तांदूळ-डाळ धुवायला अर्धा, लेकरांच्या हाताला एक, भांड्यांना दोन. राहिलेला एक कमी-जास्तीला.

शाळेच्या अंगणात हापसा आहे, पण फेब्रुवारीपासून तो दमलाय. शंभर वेळा हापसलं की एक कळशी भरते. ते पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. मावशी ते स्वयंपाकाला घेतच नाहीत.

६.१०

पाणी ड्रममध्ये ओतून झालं. मावशी तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात गोल गोल फिरवतात. गाळ खाली बसायला तासभर लागतो. तोवर तांदूळ निवडायचे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असा हिशोब. काल ५१ मुलं होती. आज तेवढीच धरून पाच किलोवर थोडे तांदूळ आणि किलोभर मूगडाळ काढली.

मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. २०२३ च्या आधी १,५०० होतं. “खुरपायला गेलं तर दिवसाचे तीनशे भेटतात,” मावशी सांगतात. “पण खुरपण रोज कुठं असतंय? ही लेकरं रोज असतात.”

६.५०

मॅडम शहरातून स्कूटीवर येतात. त्यांच्या सोबतीनं रस्त्याच्या कडेला जायकवाडीहून शहराकडे जाणारं पाणी असतं, पाइपातलं. नव्या योजनेचा पाइप २,५०० मिलिमीटर व्यासाचा आहे. आत मॅडम स्कूटीसकट मावतील. तरी मॅडमच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही.

आज स्कूटीच्या पायाशी गोणपाटाचं गाठोडं आहे. आत बर्फ, तीस रुपयांचा. रसवंतीवर लादी पहाटेच उतरते. काल सांगून ठेवलं होतं, म्हणून रसवंतीवाल्यानं टोच्या मारून एक जाड तुकडा वेगळा काढून ठेवला. गाठोड्याखाली स्कूटी ओली झालीय. तीस रुपये मॅडमच्या पर्समधले. ते कुठल्या रजिस्टरात चढत नाहीत.

तिसरी-चौथीला आज पाण्याच्या अवस्था आणि जलचक्र शिकवायचं आहे. स्थायू, द्रव, वायू हे तीन शब्द मुलांना सोमवारपासूनच पाठ आहेत. पाठ करून घेणं अवघड नसतं. ज्याला डोळ्यांनी पाहता येत नाही ते पाणी हवेत आहे हे नऊ वर्षांच्या मुलाला पटवणं अवघड. त्यासाठी वर्गातला फळा पुरत नाही, असं माझं मत आज सकाळभर पाहून पक्कं झालं.

७.३०

प्रार्थना झाली. मॅडमनी मापाच्या भांड्यानं दोन लिटर पाणी मोजून मोठ्या परातीत ओतलं. दुसरे दोन लिटर कळशीत. परात आणि कळशी, दोन्ही अंगणात उन्हात शेजारी ठेवली.

“कोंबड्या पितील, मॅडम.”

मग पाळीपाळीनं राखण लागली. एका वेळी दोघं. हातात निंबाची डहाळी.

८.०५

मावशींनी आधण ठेवलं. जर्मनचं मोठं पातेलं, खाली गॅसची शेगडी. मुलं उंबऱ्याबाहेर बसलीत. आत कुणी यायचं नाही, हा मावशींचा नियम, आणि मॅडमही तो पाळतात. त्या फक्त हात लांब करून पाण्यात थर्मामीटर धरतात.

आधी तळाशी बारीक बुडबुडे. ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे. मग मोठे, तळातून वर येऊन फुटणारे. ते वाफेचे. पातेलं खदखदू लागलं. पारा ९८ च्या जवळ येऊन थांबला. गॅस मोठा केला, तरी तिथंच.

“पुस्तकात तर १०० लिहिलंय!” चौथीतला एक मुलगा उठून उभाच राहिला.

पुस्तकातले १०० अंश समुद्रकाठचे. हा भाग समुद्रसपाटीपासून बराच उंच आहे. जितकं वर जावं तितका हवेचा दाब कमी, आणि पाणी तितकं लवकर उकळतं. मॅडमनी एवढंच सांगितलं आणि फळ्याऐवजी भिंतीवरच्या फरशीवर खडूनं ९८ लिहिलं. त्या मुलानं वहीत १०० खोडलं नाही. शेजारी ‘आपल्याकडे ९८’ असं लिहिलं. मला ते फार आवडलं.

मग मॅडमच्या सांगण्यावरून मावशींनी चहाची किटली दुसऱ्या शेगडीवर ठेवली. किटलीच्या तोटीतून पांढरा झोत निघाला.

“वाफ कुठाय?” सगळी बोटं पांढऱ्या झोताकडे.

“तोटीजवळ नीट बघा.”

तोटी आणि पांढरा झोत यांच्या मध्ये बोटभर जागा रिकामी दिसते. वाफ ती. पाण्याची वाफ दिसत नाही. बाहेरच्या गार हवेत आल्यावर तिचे बारीक थेंब होतात आणि ते पांढरे दिसतात. म्हणजे पांढरं दिसतं ते परत पाणीच झालेलं असतं. आकाशातला ढगही असाच, थेंबांचा. मुलं ती रिकामी जागा बघायला माना तिरप्या करून बसली. मावशीही वाकून बघू लागल्या. रोज चहा करतात, पण ही जागा त्यांनीही आज पाहिली.

८.३५

तांदूळ-डाळ पडली. पातेल्यावर दुसरी परात झाकली. दहा मिनिटांनी मावशी पकडीनं परात उचलतात आणि तिरपी धरतात. परातीच्या आतून थेंब ओघळून काठाशी जमतात आणि टपटप पडतात. “पाऊस,” एक मुलगी म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या शेगडीवर लहान वाडग्यात हापशाचं पाणी आटायला ठेवलं होतं. ते आटलं. तळाला पांढरी खर राहिली. मॅडमनी ती नखानं खरवडून दाखवली. पाणी गेलं, क्षार मागे राहिले. समुद्राचं पाणी खारं आणि पाऊस गोड, हे कोडं या वाडग्यात सुटतं. समुद्रावरून वर जातं ते फक्त पाणी. मीठ खालीच.

“म्हणून आमच्या चहाच्या पातेल्याला असं थापटं बसतंय व्हय,” मावशी म्हणाल्या. त्या दर आठवड्याला चिंच लावून ते काढतात.

९.००

बर्फ. मुलांना बर्फ गारांमुळे माहीत आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मोठी गारपीट या मुलांच्या जन्माआधीची, पण घरात अजून बोललं जातं. गहू झोपला, मोसंबीची फळं गळली. वर खूप उंचावर थेंब गोठतो, वाऱ्याच्या झोतानं वर-खाली होत त्यावर थर चढतात, जड झाला की पडतो. एवढं सांगून मॅडम पुढे गेल्या.

स्टीलचा पेला घेतला. त्यात पाणी, बर्फाचे खडे आणि चिमूटभर हळद. पाणी पिवळं झालं. पेला आधी वर्गात ठेवला. बाहेरून नुसता धुरकटला. मार्चमध्ये इथली हवा कोरडी असते, तिच्यात पाणी थोडंच. मग तोच पेला पुसून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला. दोन मिनिटांत पेल्याला घाम फुटला. मोठे थेंब, ओघळ.

“पेला गळतोय.”

“बोट लाव. रंग कोणता?”

मुलानं बोट लावलं, बघितलं, पांढऱ्या सदऱ्याला पुसलं. सदऱ्यावर पिवळा डाग नाही. आत पिवळं, बाहेर स्वच्छ. मग हे पाणी कुठून आलं? दहा-बारा मुलांनी एकदमच वर, पातेल्याकडे बघितलं. हवेतलं. खिचडीच्या वाफेतलं.

९.४०

पंगत. ओसरीवर रांगा. मावशी डावानं वाढत जातात, कंबरेत वाकून, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत. पन्नास मुलं, वर दुसरी वाढ. हात धुवायला एकाला एकच तांब्या, तो मावशी स्वतः ओततात. हात धुतलेलं पाणी पन्हळीतून परसबागेत जातं. तिथं मेथी, दोन पपया, एक शेवगा.

१०.३०

मॅडमनी अंगणात खडूनं नकाशा काढला. पुस्तकातल्या चित्रात डोंगर, ढग, नदी आणि समुद्र असतो. चित्र बरोबरच आहे, पण ते कुठल्याच गावाचं नाही. इथं नावं आली. डावीकडे अरबी समुद्र. मग सह्याद्री. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी. तिथून समुद्र सरळ रेषेत ८० किलोमीटरवर, पण गोदावरी पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. गंगापूर धरण, नाशिक, प्रवरासंगम, मग पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय.

ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथंच सांडतात. आपल्याकडे उरलंसुरलं येतं, वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून नाशिक-नगरकडे पाऊस झाला की इथं पैठणचं धरण भरतं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली, १९७६ ला ते उभं राहिलं. २७ दरवाजे आहेत. दरवाजे उघडलेले बघायला गावातून जीप भरून जातात, ते मुलांना चांगलं आठवतं.

एका मुलीनं नाथसागरापासून गावापर्यंत खडूची रेघ ओढली आणि रेघेवर टँकर काढला. चाकं चार काढली होती. दुसऱ्यानं पुसून सहा केली.

११.२०

परात आत आणली. मोजलं. दोन लिटरमधलं दीड लिटरच्याही खाली आलेलं. कळशीतलं जवळपास होतं तेवढंच. पाणी सारखं, ऊन सारखं, वारा सारखा. फरक पसरट तोंडाचा.

मॅडमनी मग फळ्यावर गणित मांडलं. नाथसागर काठोकाठ भरतो तेव्हा पाण्याचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर. त्यावरून एक मिलिमीटरचा थर उडाला, म्हणजे वहीच्या दहा-बारा पानांच्या जाडीएवढाच, तरी ३५ कोटी लिटर पाणी गेलं. आता गावात येतो तो टँकर दहा हजार लिटरचा. शून्यं काटत काटत मुलं खाली आली. पस्तीस हजार टँकर.

भांडी गोळा करणाऱ्या मावशी दारात थांबल्या. “किती?”

“पस्तीस हजार, मावशी.”

“एका दिसात?”

“कडक उन्हाळ्यात एका दिवसात याच्याहून कितीतरी जास्त.”

मावशींनी पदर खोचला आणि पातेलं उचललं.

१२.१५

भांडी. आधी करपलेलं राखेनं कोरडं घासून घ्यायचं, म्हणजे पाणी कमी लागतं. मग एक घमेलं पाणी, त्यात सगळ्या ताटल्या बुचकळून काढायच्या. मग स्वच्छ पाण्याचा एकच हात. दोन हंडे ठरवले होते, पावणेदोनात भागवलं. उरलेल्या बर्फाचं पाणी त्यांनी पिण्याच्या माठात ओतलं.

संध्याकाळी ६.००

उद्या मटकीची उसळ. मावशी परत शाळेत आल्यात. मटकी मोजून घेतली, दोनदा धुतली, मोठ्या डब्यात भिजत घातली. धुतलेलं पाणी शेवग्याला. ड्रममध्ये अजून हंडाभर आहे. झाकण फुटलंय, म्हणून वर पत्रा ठेवला आणि पत्र्यावर दगड.

“टँकर उद्या नाही, परवा,” त्या कुलूप लावता लावता सांगतात. “विहिरीत जे हाय त्यातनं पहाटं चार खेपा करीन. उसळीला पाणी कमीच लागतंय.”