कडवंची: आधी बांध, मग द्राक्षं

जालना तालुक्यातल्या कडवंचीचं नाव निघालं की बोलणं लगेच द्राक्षबागांवर आणि शेततळ्यांवर येतं. मला मात्र या गावाची खरी कमाई त्याही आधीची वाटते. ती शिवारातल्या बांधांत आहे.

1996च्या सुमारास गाव इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात आलं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने काम हाती घेतलं. पाठीशी मंडळाचे विजयअण्णा बोराडे होते. माथ्यावर समतल चर, खाली शेतांची बांधबंदिस्ती, सगळ्यात शेवटी नाल्यावरचे बंधारे. हा क्रम मोडला, तर वरची माती वाहून येते आणि बंधारा गाळाने भरतो. चर खोदणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड असते ती चराईबंदी. ज्याच्या घरी चार शेळ्या आहेत, त्याला आजचा चारा सोडून पुढच्या पाण्यावर विश्वास ठेवावा लागतो. श्रमदान आणि कुऱ्हाडबंदीही सगळ्यांनी पाळली तरच टिकते.

इथल्या काळ्या पाषाणात पाणी फार साठत नाही. पावसाळ्यानंतर भरलेल्या विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवतात आणि नेमकी तेव्हाच द्राक्षाला गरज असते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आकार घेतात. त्या दिवसांत वेलीला ताण बसला, तर वर्ष हातचं जातं. म्हणून 2005नंतर फलोत्पादन अभियानाचं अनुदान मिळू लागलं, तशी प्लास्टिक अंथरलेली शेततळी गावात शेकड्यांनी झाली. 2012च्या दुष्काळात जिल्हा टँकरवर होता. कडवंचीने शेततळ्यांतल्या पाण्यावर बागा जगवल्या.

तरीही शेततळं म्हणजे पाण्याचा नवा झरा नव्हे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. प्लास्टिकमुळे त्यातलं पाणी जमिनीत मुरत नाही, उन्हात मात्र उडून जातं. ते भरतं बहुतेकदा विहिरीच्या उपशावर, आणि विहिरीत पाणी येतं बांधांनी मुरवलेलं. ते पाणी तळं नसलेल्या शेजाऱ्याचंही असतं. खरपुडीला दर महिन्याच्या 5 तारखेला शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरतं. तिथे छाटणी आणि औषधांइतकाच वेळ उपशाच्या हिशेबालाही मिळायला हवा. चराईबंदी गावाने एकत्र बसून ठरवली होती. कोणी किती उपसायचं, हेही तसंच बसून ठरवता येईल.