गेलेले गिऱ्हाईक, राहिलेले गिऱ्हाईक

अकरावी-बारावीला मी तालुक्याच्या गावी एका वसतिगृहात राहत असे. पहिले दोन महिने तेथील मेसचे जेवण बरे होते. पुढे आमटीत डाळ शोधावी लागू लागली आणि दुपारच्याच पोळ्या रात्री ताटात येऊ लागल्या. दाराशी दोरीने बांधलेली एक तक्रारवही होती. तिच्यात आम्ही सातआठजण मोठ्या हिरिरीने लिहीत असू. दिवाळीनंतर एस.टी. स्टँडमागे एका बाईंनी घरगुती खानावळ काढली आणि आम्ही सातआठजण तिकडे गेलो. मेस आता सुधारणार याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. गिऱ्हाईक दुरावले की विक्रेता ताळ्यावर येतो, असे आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातच छापले होते.

प्रत्यक्षात जेवण आणखी बिघडले. माझा खोलीतला सोबती मेसमध्येच राहिला होता. त्याची फी सवलतीतून भरली जाई आणि ती सवलत खानावळीत चालत नसे. तो एकदा म्हणाला, "तुम्ही गेलात ते कंत्राटदाराच्या पथ्यावरच पडलं. आता वहीत लिहिणारंच कुणी उरलं नाही."

या बोलण्याचा अर्थ मला पुरता लागला तो बी.ए.च्या वर्गात, ग्रंथालयात आल्बर्ट हिर्शमन यांचे 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे छोटेखानी पुस्तक हाती आले तेव्हा. ते १९७० साली प्रसिद्ध झाले. हिर्शमन १९१५ साली बर्लिनमध्ये जन्मले, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी देश सोडला आणि १९४० मध्ये मार्सेय बंदरातून निर्वासितांना बाहेर काढण्याच्या कामात ते होते. 'सोडून जाणे' म्हणजे काय, हे या माणसाला कुणी वर्गात शिकवावे लागले नव्हते!

त्यांना कोडे पडले ते नायजेरियातील रेल्वेचे. तेथे उत्तरेत भुईमूग पिकतो आणि लागोस व पोर्ट हारकोर्ट ही बंदरे सुमारे आठशे मैलांवर आहेत. इतक्या लांबचा, इतका जड माल खरे म्हणजे रेल्वेनेच जावा. पण तो ट्रकने जाऊ लागला होता. स्पर्धा उभी राहिली तरी रेल्वेचा कारभार काही सुधारेना. असे का व्हावे? हिर्शमन यांचे उत्तर असे : रेल्वे सरकारी, तेव्हा उत्पन्न घटले तरी तिजोरी आधाराला होती. गिऱ्हाईक गेल्याची कळ तिला बसतच नव्हती. दुसरीकडे, ज्यांचा माल वेळेवर पोचणे अत्यंत निकडीचे होते, तेच व्यापारी प्रथम ट्रककडे वळले. वास्तविक रेल्वेच्या दारात जाऊन आरडाओरडा करणारेही तेच असते. ट्रक नसते, तर ते ओरडले असते. म्हणजे स्पर्धेने रेल्वेला शिस्त लावली नाही. तिच्यामागची कटकट तेवढी मिटवली.

असमाधानी गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात, असे हिर्शमन सांगतात : निघून जाणे आणि बोलणे. अर्थशास्त्राने पहिलीचे कौतुक केले, दुसरी राजकारणाकडे सोपवून दिली. निघून जाणे सोपे झाले की बोलणारे आधी जातात, कारण दर्जाची चाड असणारी माणसेच सहसा बोलकी असतात. मागे राहतात ते चालवून घेणारे किंवा ज्यांना जायला जागाच नाही असे. आमच्या मेसमध्ये दुसरे काय झाले होते?

अर्थात, निघून जाण्याला काही किंमतच नाही असे नव्हे. स्वतःच्या गल्ल्यावर जगणाऱ्या दुकानदाराला गेलेले गिऱ्हाईक बोचतेच, आणि वेळीच बोचले तर तो सुधारतोही. मात्र तेथेही एक खोच आहे. तीनचार कंपन्या सारख्याच निष्काळजी असल्या, तर एकीवर रागावलेला दुसरीकडे जातो, दुसरीवरचा तिसरीकडे आणि तिसरीवरचा पहिलीकडे. गोळाबेरीज जिथल्या तिथे. आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता मोबाईल कंपनी बदलण्याची सोय झाली. सोय उत्तमच. मी स्वतः तिचा दोनदा लाभ घेतला. दोन्ही वेळा नव्या कंपनीच्या ध्वनिमुद्रित बाईंनी माझा कॉल त्यांच्यासाठी फार मोलाचा असल्याचे सांगून मला तितकाच वेळ ताटकळत ठेवले.

बाजार कार्यक्षम असतो, हे विधान आपण सरसकट करतो. युजीन फामा यांनी ज्या कार्यक्षम बाजाराची मांडणी केली, तो भांडवलाचा बाजार होता. शेअरच्या किमतीत उपलब्ध माहिती उमटलेली असते, असा त्यांचा दावा. तोही निबंध १९७० चाच. आणि त्याच वर्षी जॉर्ज अकेरलॉफ यांनी जुन्या मोटारींचा बाजार घेऊन दाखवले की, मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा ठिकाणी गिऱ्हाईक सरासरी किंमतच देऊ करते. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून अंग काढून घेतो आणि खटारेच शिल्लक राहतात. हा निबंध तीन नियतकालिकांनी साभार परत केला होता. २००१ साली अकेरलॉफ नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले! मला यात मौज वाटते ती ही की, अकेरलॉफ यांच्या बाजारातून चांगले विक्रेते जातात आणि हिर्शमन यांच्या बाजारातून चोखंदळ गिऱ्हाइके.

निवड आणि बोलणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याने मात्र ओळखले होते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी ग्राहकांचे जे चार हक्क सांगितले, त्यांत निवडीचा हक्क वेगळा आणि म्हणणे ऐकले जाण्याचा वेगळा. आपल्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही हे दोन्ही स्वतंत्रपणे आले, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यातही ते आहेत. त्याआधीच १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली होती आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. मुंबईच्या पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवतात. म्हणजे दुकान सोडून जायचे खरे, पण एकेकट्याने नव्हे.

बारावीला मी पुन्हा मेसमध्ये आलो. तत्त्वासाठी नव्हे, खानावळीचे दर वाढले होते म्हणून! तोवर मागे राहिलेल्या मुलांनी वहीचा नाद सोडून दुसराच मार्ग धरला होता. रोज संध्याकाळी दहापंधराजण रेक्टरांच्या दारात ताट घेऊन नुसते उभे राहत. महिन्याभराने मुलांची समिती नेमली गेली, आणि कंत्राटदाराच्या माणसाबरोबर दोघा मुलांनी पाळीपाळीने पहाटे मंडईत जावे असे ठरले. माझी पाळी गुरुवारी असे, माझ्या सोबत्याबरोबर. वांगी घेताना देठ कसा पाहावा, हे त्याने मला शिकवले. मेस पहिल्या दोन महिन्यांसारखी पुन्हा कधी झाली नाही, पण आमटीत डाळ दिसू लागली.