रायफल-पिस्तूल ‘मापाचं’ करून घ्यायचं का? हौशी नेमबाजाने पैसे घालण्याआधी हे वाचावं

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमधली ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुण मिळवत ब्राँझ मेडल जिंकलं आणि अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याने जल्लोष केला. या प्रकारात भारताला मिळालेलं ते पहिलंच ऑलिम्पिक मेडल.

फायनलचे व्हिडिओ बघताना सगळ्यांचं लक्ष गुणांवर असतं. पण मधल्या वेळेत नेमबाज काय करतात ते बघा. आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा असतो. प्रत्येक पोझिशन बदलताना खेळाडू रायफलशी खटपट करतात. गालाखालचा भाग वर-खाली होतो, खांद्याला टेकणारा भाग सरकतो, पुढच्या हाताचा आधार बदलतो. माणूस तोच, रायफल तीच, पण एका तासाच्या आत तिची मापं तीन वेळा वेगळी असतात.

हौशी नेमबाजांना आणि त्यांच्या पालकांना नेहमी पडणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर इथेच दडलंय. प्रश्न असा, की क्लबच्या रायफलवर किंवा पिस्तुलावर सराव करणाऱ्याने स्वतःच्या मापाचं हत्यार करून घ्यावं का? त्याने गुण वाढतात, की फक्त खर्च?

थोडक्यात उत्तर: माप हवंच. पण पहिल्या एक-दोन वर्षांत लागणारं बरंचसं माप फुकटात मिळतं. पैसे मोजून घ्यायचं माप नंतरचं.

कोल्हापुरात हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

कुस्ती आणि फुटबॉलइतकीच नेमबाजी आता या जिल्ह्याची ओळख झाली आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी शाहू मानेने युथ ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलचं रौप्य आणलं. त्यामुळे इथल्या घरात एखाद्या मुलीने ‘मला शूटिंग शिकायचंय’ म्हटलं, तर ते कुणाला जगावेगळं वाटत नाही.

पण हा खेळ स्वस्त नाही. परदेशी बनावटीच्या मॅच रायफलची किंमत लाखांच्या घरात जाते. वर जॅकेट, ट्राउझर, शूज, छर्रे. शेतीवर किंवा एका पगारावर चालणाऱ्या घरात हा निर्णय चुकला, तर पुढच्या दोन वर्षांचा सराव अडतो. म्हणून आधी मापाचं गणित समजून घेऊया.

‘मापाची बंदूक’ म्हणजे नेमकं काय?

रायफलच्या बाबतीत चार गोष्टी बघतात. दस्त्याची लांबी, म्हणजे खांद्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. गाल टेकतो त्या चीक पीसची उंची. खांद्याला लागणाऱ्या बट प्लेटची उंची आणि कोन. आणि पुढच्या हाताखालचा आधार.

पिस्तुलात सगळा खेळ ग्रिपचा. ती तळहातात किती भरते, बोट ट्रिगरवर कुठे पडतं, मनगट सरळ राहतं का, एवढ्यावर सगळं ठरतं. ग्रिप साधारण स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येतात. डावखुऱ्यांच्या वेगळ्या असतात. त्यापुढची पायरी म्हणजे हाताचं माप देऊन खास कोरून घेतलेली ग्रिप.

मापाने खरंच फरक पडतो?

पडतो. आकडेच बघा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो आणि तिथून पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरवर. पिस्तुलाचं टार्गेट मोठं असतं. त्यात दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरवर. पण पिस्तुलाची पुढची साइट मागच्या साइटच्या तुलनेत साधारण पाव मिलिमीटर जरी सरकली, तरी टार्गेटवर एक गुण जातो. ग्रिप हातात नीट बसत नसेल, तर मनगट प्रत्येक वेळी थोडं वेगळं वळतं. पाव मिलिमीटर जायला तेवढं पुरतं.

याहून मोठं नुकसान सवयीचं असतं. नवी कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला चावते, पण काही दिवसांत चामडं पायाचा आकार घेतं. रायफल तसं करत नाही. इथे उलटं घडतं, शरीर रायफलचा आकार घेतं. चीक पीस खाली असेल तर मुलगा मान वाकवून डोळा साइटमागे आणतो. दस्ता लांब असेल तर मुलगी कंबरेतून जास्तच मागे झुकते. सहा महिन्यांत तीच पोझिशन पक्की होते आणि मग ती मोडायला त्याहून जास्त वेळ लागतो.

प्रशिक्षक सांगतात तो नियम सोपा आहे. डोकं रायफलकडे न्यायचं नाही, रायफल डोक्याकडे आणायची.

मग लगेच मापाचं करून का घेऊ नये?

कारण माप शरीराचं असतं त्यापेक्षा जास्त पोझिशनचं असतं. स्वप्नीलचं शरीर त्या फायनलमध्ये बदललं नव्हतं, पोझिशन बदलली होती. म्हणून सेटिंग बदललं.

नवशिक्याची पोझिशन दर महिन्याला बदलते. आधी पाय जास्त फाकलेले असतात, मग जवळ येतात. उभ्या पोझिशनमध्ये डाव्या हाताचं कोपर आधी हवेत असतं, मग हळूहळू कंबरेच्या हाडावर टेकायला लागतं. कोपर दोन इंच सरकलं की बट प्लेटपासून चीक पीसपर्यंत सगळं पुन्हा लावावं लागतं. अशा वेळी घेतलेलं ‘परफेक्ट’ माप त्या आठवड्यापुरतंच परफेक्ट असतं.

त्यात वाढत्या वयाची मुलं असतील तर प्रश्नच मिटला. तेराव्या वर्षी हाताचं माप देऊन कोरलेली ग्रिप पंधराव्या वर्षी हातात घट्ट होते. उंची वाढत असताना शिवून घेतलेल्या जॅकेटचंही तेच.

फुकटात काय काय करता येतं?

आजच्या मॅच रायफलवर जवळपास सगळे भाग सरकवता येतात आणि त्यासाठी एक ॲलन की पुरते. क्लबची रायफल चार जण वापरत असतील, तर प्रत्येकाने आपापलं सेटिंग वहीत लिहून ठेवायचं. चीक पीस कितव्या रेघेवर, बट प्लेट किती खाली, सगळं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालतं. सरावाआधी पाच मिनिटं देऊन आपलं सेटिंग लावलं, की क्लबची रायफल बऱ्यापैकी तुमच्या मापाची होते.

पुढच्या तपासण्या रेंजवरच, प्रशिक्षकासमोर आणि बंदूक रिकामी असल्याची खात्री करून करायच्या.

*दस्त्याची लांबी:* कोपर काटकोनात वाकवून बट प्लेट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. बोट सहज ट्रिगरपर्यंत पोचलं, तर लांबी ढोबळमानाने बरोबर. बोट ताणावं लागलं तर दस्ता लांब आहे.

*मान:* रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, मान सैल सोडून गाल टेकवा आणि डोळे उघडा. मागच्या साइटच्या बरोबर मध्यातून दिसलं पाहिजे. त्यासाठी मान हलवावी लागली, तर चीक पीस सरकवा.

*नैसर्गिक नेम:* टार्गेटवर नेम धरा, डोळे मिटून दोन श्वास घ्या, मग डोळे उघडा. नेम उजवीकडे किंवा डावीकडे गेला असेल तर हाताने ओढून आणू नका. पाय किंचित फिरवून पूर्ण शरीर वळवा.

*डोळा:* दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा आणि त्यातून लांबची वस्तू बघा. एकेक डोळा मिटून पाहा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा मुख्य डोळा डावा असणं अगदी शक्य आहे. ते सुरुवातीलाच कळलं, तर कोणत्या बाजूने शिकायचं हे ठरवता येतं. दुसऱ्या डोळ्यासमोर लावायची पट्टी नियमात बसते, फक्त ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

साध्या भारतीय बनावटीच्या एअर रायफलचा दस्ता बहुधा एकाच लांबीचा आणि लाकडी असतो. तिथे सरकवायला फारसं काही नसतं. पण सुरुवातीचा नेम, श्वास आणि ट्रिगर शिकायला ती पुरेशी असते. उंचीने लहान मुलाला मात्र ती लांब पडत असेल, तर क्लबमधली दुसरी रायफल मागून घ्या.

पिस्तूलवाल्यांचं थोडं वेगळं

पिस्तूल एका हाताने, कशाचाही आधार न घेता धरायचं असतं. जॅकेटची मदत नसते. त्यामुळे ग्रिपचं माप इथे लवकर महत्त्वाचं होतं.

सोपी परीक्षा अशी. डोळे मिटून हात उचला, नेहमीच्या उंचीवर थांबा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसायला हवी. दहापैकी आठ-नऊ वेळा ती एकाच बाजूला जात असेल, तर ग्रिप चुकतेय. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल, तर ग्रिप निर्दोष आहे, पकड अजून पक्की झालेली नाही. या दोन्हींतला फरक कळला तर खूप पैसे वाचतात.

ग्रिप चुकतेय हे नक्की झालं, तरी पहिला उपाय नवीन ग्रिप हा नसतो. आधी योग्य साइज आहे का ते बघायचं. मग जिथे टोचतं तिथे लाकूड थोडं घासायचं, जिथे पोकळी राहते तिथे पुट्टी भरायची. जगभरातले नेमबाज हेच करतात. मात्र नियम लक्षात ठेवा. मनगट पूर्ण मोकळं राहिलं पाहिजे. एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं आणि सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. हौसेने मनगटापर्यंत वाढवलेली ग्रिप स्पर्धेच्या तपासणीत बाद होते. पॉइंट टूटूच्या हत्यारांना तर शस्त्र परवाना लागतो. त्यांच्या ट्रिगरमध्ये किंवा आतल्या भागांत घरी हात घालायचाच नाही.

कागद काय सांगतो?

खर्च करण्याआधी टार्गेटचा कागद विचारात घ्या. वीस शॉट्स मारा आणि ते एकत्र बघा.

सगळे शॉट्स एका जागी जवळजवळ पडलेत, पण मध्यापासून दूर? मग ना बंदूक बदलायची, ना माप. साइटचे दोन-चार क्लिक फिरवायचे.

शॉट्स सगळीकडे विखुरलेत? मग पोझिशन, श्वास आणि ट्रिगरवर काम करायचं. महागडी ग्रिप हे दुरुस्त करत नाही.

शॉट्स बऱ्यापैकी जवळ आहेत, सेटिंग तीन-चार महिने तेच आहे, आणि तरीही मानेत, मनगटात किंवा खांद्यात रोज त्याच ठिकाणी ताण येतो? आता मात्र मापावर पैसे घालायला अर्थ आहे.

छर्र्यांचंही असंच. मोठे खेळाडू नळीला कोणता छर्रा जुळतो हे बंदूक शिकंज्यात आवळून तपासतात. छर्र्यांच्या मापात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक असतो आणि त्यांच्या पातळीवर तो मोजावा लागतो. ज्याचे शॉट्स अजून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पसरतात, त्याने एकाच चांगल्या प्रकारचे छर्रे कायम वापरले तरी पुरे.

मग पैसे कोणत्या क्रमाने घालावेत?

पहिला खर्च प्रशिक्षकाच्या वेळेवर आणि छर्र्यांवर. माप लावून देणारा माणूस तोच असतो आणि सराव झाल्याशिवाय लावायला पोझिशनच नसते.

दुसरा खर्च डोळ्यांवर. चाळिशीनंतर हौसेने पिस्तूल हातात घेणाऱ्यांना हाताच्या अंतरावरची पुढची साइट धूसर दिसू लागते. त्यांना नव्या ग्रिपपेक्षा योग्य नंबरचा चष्मा जास्त गुण मिळवून देऊ शकतो.

तिसरा खर्च, रायफलवाल्यांसाठी, बसणाऱ्या जॅकेट आणि शूजवर. नियमाप्रमाणे जॅकेटच्या कापडाची जाडी २.५ मिलिमीटरपर्यंतच चालते, त्यामुळे जाड जॅकेटच्या आधारावर उभं राहता येत नाही. ते अंगाला नीट बसणं हाच त्याचा उपयोग. वाढत्या मुलांसाठी चांगलं वापरलेलं जॅकेट शोधणं शहाणपणाचं.

चौथा खर्च स्वतःच्या हत्याराचा. घेताना ज्याचे सगळे भाग सरकतात असं घ्यावं आणि घेण्याआधी आपल्या सेटिंगला लावून त्याने निदान एक-दोन दिवस सराव करून बघावा.

खास कोरलेली ग्रिप किंवा दस्ता सगळ्यात शेवटी.

हा वाद फक्त नेमबाजीत नाही. गोल्फमध्येही हौशी खेळाडू उंचीप्रमाणे आणि स्विंगप्रमाणे स्टिक ‘फिट’ करून घ्यावी का, यावर डोकं खाजवतात. तिथेही स्विंग स्थिर झालेल्याला फायदा जास्त होतो. नवशिक्याला लांबी आणि पकड ढोबळमानाने जुळली तरी चालतं.

त्यामुळे दुकानदाराने किंवा एखाद्या रीलने ‘हे लावलं की दहा गुण वाढतील’ असं सांगितलं, तर त्याला एकच विचारा: माझी आत्ताची पोझिशन बघितली का? ती न बघता माप सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि घरात मूल शिकत असेल, तर या आठवड्यात रेंजवर जाऊन एवढंच बघा, की क्लबची रायफल घेतल्यावर ते आधी सेटिंग लावतं की थेट शॉट मारायला उभं राहतं.