गाडी उचलली, आता स्टिअरिंगचं काय?

ऑफ-रोडिंगचं वेड असलेल्या माणसाच्या हाती जुनी जिप्सी लागली की त्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो गाडी उचलायचा. मोठे टायर, चार-पाच इंच लिफ्ट, आणि गाडी कशी रुबाबदार दिसते! पण पहिल्याच फेरीत लक्षात येतं की आधी सरळ जाणारी गाडी आता डुलत चालली आहे. चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढलं जातं. वळण संपलं तरी ते स्वतःहून सरळ होत नाही.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतो ड्रॉप पिटमन आर्म टाक, कुणी म्हणतो जाडजूड डॅम्पर लाव, कुणी म्हणतो पॉवर स्टिअरिंगच करून घे. सगळ्याला पैसे लागतात आणि आपल्यासारख्यांचं बजेट मेसचं बिल भरून जे उरेल तेवढंच! यातलं काय घ्यायचं हे दुकानातला कॅटलॉग सांगत नाही, गाडीची भूमिती सांगते. गंमत अशी की जो पार्ट एका गाडीला सुधारतो तोच दुसरीला बिघडवतो. ते कसं, हे समजून घेऊ.

बिघडतं नेमकं काय?

पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत स्टिअरिंग बॉक्स चासीवर असतो आणि चाकं अ‍ॅक्सलवर. बॉक्सला पिटमन आर्म असतो. त्याच्यापासून ड्रॅग लिंक नावाचा आडवा रॉड चाकाच्या नकलपर्यंत जातो. कंपनीतून आलेल्या गाडीत हा रॉड जवळजवळ सपाट असतो. लिफ्ट केली की चासी वर जाते, अ‍ॅक्सल खालीच राहतो आणि रॉड तिरका होतो. सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे.

एक छोटं गणित करून बघा, पायथागोरस पुरेसा आहे. समजा ड्रॅग लिंक ८०० मिमी लांब आहे. रॉड सपाट असताना चाक ५० मिमी खाली गेलं तर रॉडची आडवी लांबी फक्त १.६ मिमीने कमी होते. आता लिफ्टमुळे रॉडचं एक टोक दुसऱ्यापेक्षा १०० मिमी खाली आहे असं धरा. पुन्हा चाक ५० मिमी खाली जाऊ द्या. या वेळी आडवी लांबी ७.९ मिमीने कमी होते, म्हणजे जवळपास पाचपट! नकलचा आर्म १५० मिमीचा असेल तर चाक ३ अंश वळलं, आणि तेही तुम्ही स्टिअरिंग न हलवता. यालाच बंप स्टिअर म्हणतात.

३ अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. लांब जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी आहे. तेवढ्या व्हीलबेसला ३ अंश म्हणजे सुमारे ४५ मीटर त्रिज्येचं वळण. घाटात एका बाजूला दरी असताना गाडीने स्वतःच्या मनाने असं वळण घ्यायला सुरुवात केली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

जिप्सी आणि जिम्नी : एकाच रोगाची दोन औषधं

१९८५ साली भारतात आलेल्या जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल पाट्यांवर बसतो. पाटे अ‍ॅक्सलला आडवं हलू देत नाहीत, तो जवळजवळ सरळ वर-खाली होतो. ड्रॅग लिंकचं टोक मात्र कंसात फिरतं. त्यामुळे वरच्या गणितातले ७.९ मिमी थेट चाकाला जाणवतात. म्हणून जिप्सीत उपाय एकच, रॉड पुन्हा सपाट करणे. लिफ्ट थोडी असेल तर ड्रॉप पिटमन आर्म हा स्वस्त आणि योग्य उपाय आहे. पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवले असतील तर गाडी साधारण ५ इंच उचलली जाते. एवढा फरक एकटा पिटमन आर्म भरून काढू शकत नाही. तिथे नकलवर उंच आर्म बसवून रॉडचं खालचं टोक वर आणणं हेच खरं काम. ते महाग आहे, पण त्याला पर्याय नाही.

यावर स्वस्तातली एक पळवाट म्हणजे झेडच्या आकारात वाकवलेला ड्रॅग लिंक. त्याने रॉड पाट्याला घासत नाही हे खरं. पण भूमिती दोन बॉल जॉइंटमधल्या सरळ रेषेवर ठरते, मधला रॉड कसाही वाकवा. म्हणजे बंप स्टिअर तसाच राहतो, वर वाकलेला रॉड लोड आल्यावर स्प्रिंगसारखा लवतो तो वेगळाच.

आता २०२३ साली भारतात आलेली जिम्नी बघा. हिच्यातही पुढे अखंड अ‍ॅक्सल आहे, पण कॉइल स्प्रिंगवर. अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड आहे, आणि तोही ड्रॅग लिंकसारखाच कंसात फिरतो. दोन्ही रॉड समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे असतील तर अ‍ॅक्सल जेवढा बाजूला सरकतो तेवढंच ड्रॅग लिंकचं टोकही सरकतं. फरक शून्य, म्हणजे बंप स्टिअर जवळपास नाहीच! लिफ्ट केल्यावर दोन्ही रॉड सारखेच तिरके होतात, समांतर राहतात. इथे कुणी नुसता ड्रॉप पिटमन आर्म टाकला तर एक रॉड सपाट आणि दुसरा तिरका, म्हणजे पैसे देऊन बंप स्टिअर विकत घेतल्यासारखं झालं. साध्या लिफ्टसाठी अशा गाडीत ड्रॅग लिंकची लांबी अ‍ॅडजस्ट करून स्टिअरिंग मध्यावर आणायचं, आणि अ‍ॅक्सल बाजूला सरकला असेल तर अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड घ्यायचा. पिटमन आर्म खाली आणायचाच असेल तर पॅनहार्डचं चासीकडचं टोकही तेवढंच खाली आणायला हवं.

थोडक्यात, पार्ट विकत घेण्याआधी गाडीखाली जाऊन एकच गोष्ट बघा. पॅनहार्ड रॉड आहे का? नसेल तर ड्रॅग लिंक सपाट हवा. असेल तर दोघं समांतर हवेत.

कॅस्टर विसरू नका

वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते कॅस्टरमुळे, म्हणजे किंगपिनचा अक्ष वरच्या बाजूला मागे झुकलेला असतो त्यामुळे. जिम्नीसारख्या रेडियस आर्मच्या गाडीत लिफ्ट केली की अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. आर्म ७०० मिमी धरला तर ५० मिमी लिफ्टला सुमारे ४ अंश जातात. ऑफसेट बुश बसवून यातला बराचसा भाग परत मिळवता येतो. पाट्यांच्या गाडीत पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचर घालतात. मात्र कॅस्टर वाढवताना पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली झुकतं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. म्हणून हावरटपणा नको.

डॅम्पर आणि पॉवर स्टिअरिंग

डॅम्पर हा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचाच भाऊ. तो धक्का मऊ करतो, कारण दूर करत नाही. ढिल्या बॉल जॉइंटवर नवा डॅम्पर म्हणजे ताप उतरवायची गोळी घेऊन परीक्षेला बसणं. पेपर होईल, पण आजार आतच. पॉवर स्टिअरिंगचंही तसंच. त्याने मोठा टायर फिरवायला हलका होतो, बंप स्टिअर मात्र तेवढाच राहतो. आणि बाहेर आलेले रुंद रिम घेतले की टायर किंगपिनच्या अक्षापासून लांब जातो, प्रत्येक दगडाचा झटका हातात येतो. तो रिम न घेणं हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे!

मग खर्चाचा क्रम कसा?

१) फुकट काम : टायरमधली हवा आणि टो-इन तपासा. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. रूममेटला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खालून एकेक जॉइंट बघा. जिथे एक भाग हलतो आणि जोडलेला हलत नाही, तिथे प्ले आहे.
२) स्वस्त काम : झिजलेले टाय रॉड एंड, किंगपिन बेअरिंग, व्हील बेअरिंग, बुश बदला. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट टाइट करा.
३) भूमिती : वर सांगितल्याप्रमाणे पिटमन आर्म, उंच आर्म किंवा पॅनहार्ड, आणि मग कॅस्टर.
४) पुन्हा अलाइनमेंट.
५) एवढं करून पैसे उरले तर डॅम्पर आणि पॉवर स्टिअरिंग.

पहिल्या दोन पायऱ्यांतच अर्ध्या तक्रारी मिटल्या तर आश्चर्य वाटू देऊ नका.

जिथे काटकसर करायची नाही

पिटमन आर्म आणि नकलचे आर्म फोर्ज करून हीट ट्रीटमेंट दिलेले असतात. नाक्यावर गॅसने तापवून वाकवले किंवा कापून वेल्डिंग केले की ती ट्रीटमेंट गेली, आणि वेल्डच्या कडेला तडा जायची जागा तयार झाली. मटेरियल सायन्समध्ये हीट अफेक्टेड झोन आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो, तोच हा! ड्रॅग लिंक तुटला तर ब्रेक सोडून हातात काहीच उरत नाही. कॅसल नटची स्प्लिट पिनही दर वेळी नवीच घाला, तिला चहापेक्षाही कमी पैसे पडतात.

शेवटी कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्यामुळे भरपूर उचललेली गाडी खाजगी जागेत, ट्रॅकवरच शोभते.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी "हा पार्ट टाक, गाडी मक्खन चालेल" म्हणाला, तर आधी टॉर्च आणि मेजरिंग टेप घेऊन गाडीखाली शिरा. कपडे खराब होतील, पण पैसे वाचतील. आणि घाटात गाडी तुम्ही वळवाल तिकडेच वळेल.